डबी कुठे बसवायची?

"अगो, काल शिडी घेऊन कोण आलं होतं तुझ्याकडे?"

काकूंना ते पक्कं ठाऊक असतं. आमच्या दोन घरांमधला चिऱ्याचा गडगा कमरेएवढा, नि काकूंची नजर त्याच्या बरीच वरून जाते. तरी विचारायचं. त्यांना बातमी नको असते, तपशील हवा असतो.

"फायबरवाले, काकू. तांब्याची लाइन काढून फोन फायबरवर घेतोय. नंबर तोच राहणार आहे."

"ते सकाळी. मी दुपारचं विचारत्ये. दुपारी तो वायरमन होता ना? वळणावरच्या घरात बोअरचा पंप जोडून गेला नि पाण्यापेक्षा धूर जास्त काढला, तो?"

"तोच."

"आणि त्याला फोनला हात लावायला दिलास?"

मी दांडीवरचे कपडे काढत होते. म्हटलं, आता सांगून टाकावं, नाहीतर संध्याकाळपर्यंत या माझ्यासाठी एखादी गोष्ट तयार करून ठेवतील. सासूबाईंचा मोबाइलवर विश्वास नाही. आकडे दिसत नाहीत, बोट जरा जास्त वेळ टेकलं की भलतंच काहीतरी उघडतं, नि त्यांची जी काही माणसं उरलीत ती सगळी याच जुन्या नंबरवर फोन करतात. फोन आहे माजघरात. त्यांच्या खोलीतून माजघरात येईपर्यंत घंटी थांबते, मग त्या अर्धा तास "कोण असेल गो?" म्हणत बसतात. म्हणून त्यांच्या उशाशी एक डबी आणि जमलं तर पडवीत एक, एवढाच बेत होता. वायरमनने खोलीत डबी बसवली, फोन लावला, टोन आला. पण टोनच्या मागे सारखं 'हूंऽऽ'. कोणी बोललं तरी हूंऽऽ, गप्प राहिलं तरी हूंऽऽ.

"अहो, ऐकलंत का?" काकूंनी मान मागे वळवली. "हिच्या लाइनवर हूं येतंय."

काका टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि मेकॅनिक होऊन निवृत्त झाले. झोपाळ्यावर डोळे मिटून पडलेले असतात. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, यावर त्यांचा शब्द निघत नाही. पण लाइनचं नाव काढलं की डोळे उघडतात.

"तार कुठून नेली?" तिथूनच प्रश्न आला.

"लाइटच्या पाइपातून. पाइप आयता आहे, भिंत कशाला फोडायची, म्हणाला."

काका झोपाळ्यावरून उठले. गुडघ्यांच्या दुखण्यानंतर त्यांना एवढ्या पटकन उठताना मी पाहिलं नव्हतं.

"दोनशे तीस व्होल्टच्या शेजारी फोनची जोडी झोपवली त्याने? त्या लाइटच्या तारेतला करंट सेकंदाला पन्नास हेलकावे खातो. शेजारच्या तारेत त्याचा पडसाद उतरणारच. तेच तुझं हूं. आणि हूं परवडलं. उद्या त्या पाइपात पाणी शिरलं, उंदराने वायर कुरतडली, तर दोनशे तीस व्होल्ट म्हातारीच्या कानात."

"अहो, शुभ बोला," काकू म्हणाल्या.

"शुभच बोलतोय. काढ ती तार आधी. फोनची तार वेगळ्या पट्टीतून न्यायची, लाइटच्या वायरीपासून निदान वीतभर लांब. कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडायची, बाजूबाजूने चालायचं नाही. आणि तार पिळाची घे. त्याने कुठली घातली? चपटी?"

चपटीच होती. वायरमनच्या पिशवीत उरलेली, दरवाजाच्या बेलची.

"पीळ उगाच नसतो त्याला. पिळामुळे दोन्ही तारांवर बाहेरचा उपद्रव सारखाच पडतो, आणि फोन ऐकतो तो दोन तारांमधला फरक. दोघींवर सारखंच पडलं की फरक शून्य. आवाज स्वच्छ."

हे मला फार आवडलं. एवढ्या वर्षांत घरात फोन होता, नि तारेला पीळ का असतो हे विचारावंसं कुणाला वाटलं नव्हतं.

पण काकूंचं लक्ष तारेकडे नव्हतंच. त्या कोपर गडग्यावर टेकवून जवळ आल्या, म्हणजे आता मुद्द्याचं येणार. "तार तू कुठली घालायची ती घाल. पण सासूबाईंच्या उशाशी डबी? विचार कर हो. पॅरलल फोन म्हणजे काय ते खालच्या पाखाडीवरच्या वकिलांच्या सुनेला विचार."

"त्या आता कुठे असतात?"

"असते पुण्याला, तिची कमरच धरल्ये आता. पण तेव्हाचं सांगत्ये, ऐंशीच्या दशकातलं. वकिलांच्या ओटीवर फोन, काळा, डायलचा. नि माजघरात दुसरा, त्याच लाइनवर. वकील कोर्टात गेले की सून ओटीवर जाऊन माहेरी फोन लावायची. हळूच, दार लोटून घेऊन. नि आत माजघरात बसून सासूला बरोबर कळायचं, हिने पुण्याला लावलाय."

"कुणी सांगायचं?"

"घंटी! सासूला शाळेतलं वाचता येत नव्हतं, पण घंटी वाचता यायची."

मला वाटलं, काकूंनी तिखटमीठ लावलं. पण काकांनीच दुजोरा दिला. गडग्याजवळ येऊन उभे राहिले, हातात सुपारी नि अडकित्ता.

"खरं आहे ते. डायल फिरवून सोडली की परत येताना ती लाइन तोडते-जोडते. एकला एकदा, दोनला दोनदा, शून्याला दहादा. सेकंदाला दहा झटके. ज्या फोनवरून नंबर फिरवता त्याची घंटी तेवढ्यापुरती आतून बंद असते. पण जोडीच्या फोनची नसते, त्याची घंटी प्रत्येक झटक्याला बारीक टिण्ण करते. गावातला नंबर कशानेही सुरू होईल, पण बाहेरगावचा शून्यानेच. म्हणजे आधी दहा टिणटिणींची लांब माळ. पुण्याचा कोड तेव्हा 0212. लांब माळ, मग दोन, मग एक, मग दोन."

"नि म्हातारी सुपारी कातरता कातरता म्हणायची, लागला हिचा पुण्याला," काकूंनी पुरं केलं. "मग आतला रिसीव्हर उचलायचा नि ऐकत बसायचं."

"पण सूनही काही कमी नव्हती," मी म्हटलं. वकिलांकडची सून मी पाहिली आहे, कमी असण्यातली नव्हेच.

"कमी? अगो, एवढं आईशी रडूनभेकून बोलत असायची, नि मध्येच एकदम, 'आमच्या सासूबाई म्हणजे अगदी देवमाणूस हो आई, परवा मला स्वतः आंबोळ्या करून घातल्यान.' आई तिकडे चक्रावायची."

"आवाज उतरतो," काका म्हणाले. "लाइनवर येणारा करंट तेवढाच. एका विहिरीवर दोन रहाट चालावेत तसं, दुसरा रिसीव्हर उचलला की करंट वाटला जातो, नि पहिल्यावर आवाज बारीक होतो. तिला ते कळत होतं."

म्हणजे एक घंटीवरून ओळखायची, दुसरी आवाजावरून. टेलिफोनच्या शास्त्राचा इतका सूक्ष्म अभ्यास खात्यातल्या ट्रेनिंग सेंटरातसुद्धा झाला नसेल.

"शेवटी वकिलांनी ह्यांना बोलावलं. म्हणाले, काहीतरी करा, घरात शांतता हवी. ह्यांनी स्विच सुचवला. खटका इकडे केला की ओटीवरचा फोन चालू, तिकडे केला की माजघरातला. एका वेळी एकच. दोघींचा प्रश्न सुटला."

"मग बरंच झालं की."

"अगो, पण स्विच बसवला कुठे? सासूच्या उशाशी!"

काका अडकित्त्याकडे बघत होते. "माझा काय दोष? मेकॅनिक विचारतो, डबी कुठे बसवू? घरात ज्याचं चालतं तो बोट दाखवतो. मी शेकड्यांनी फोन बसवले. भिंत बघून जागा ठरली असं घर विरळा. सासऱ्यांच्या खुर्चीपासून हात पोचेल तिथे, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यापाशी, नाहीतर सगळ्यांना दिसेल अशा दर्शनी जागी, वर भरतकामाचा रुमाल. बायकांना विचारून डबी बसवली असं मला एकच घर आठवतं, तेही डॉक्टरीणबाईंचं, नि फोन त्यांच्याच नावावर होता."

हे मात्र मला पटलं नि थोडं झोंबलंही. आमच्या माजघरातली डबीसुद्धा सासऱ्यांनीच सांगून बसवून घेतलेली, त्यांच्या आरामखुर्चीमागे. खुर्ची गेली, सासरेही गेले, डबी तिथेच. इतकी वर्षं आम्ही वाकून, कपाटाच्या कडेला खांदा लावून फोन घेतो आहोत.

काकूंनी तेवढ्यात दुसरी गोष्ट काढली. त्यांच्या गोष्टींना संपर्क असतो, संदर्भ नसला तरी चालतो.

"आणि त्या सरांकडचं कुलूप? ते सांगितलं का तुला?"

कुलूप मला आठवत होतं. डायलच्या भोकात घालायचं बोटभर कुलूप, म्हणजे फोन येऊ शकतो, पण कोणी लावू शकत नाही. एसटीडीच्या बिलांच्या धास्तीने तेव्हा घरोघर असायचं. किल्ली सरांच्या जानव्याला, असं गावात म्हणत. तेवढं खोटं असावं.

"कुलूप घातलं तरी बिल येतच राहिलं. मुंबईचे कॉल. सर संतापले, खात्यात अर्ज केला, मीटर बोगस आहे म्हणून. ह्यांना पाठवलं तपासायला."

"मीटर बरोबर होता," काका म्हणाले. "लाइन बरोबर होती, कुठे चोरून जोड नव्हता. मग मी फोन बघितला. डायलच्या भोकांत धूळ बसलेली, कुणी फिरवलेलीच नाही. पण रिसीव्हर ठेवतात त्या खोबणीतली दोन बटणं? घासून गुळगुळीत, चकाकत होती."

मी कपड्यांचा पिळा काखेत धरून उभीच राहिले. काका एवढं बोलतात तेव्हा हलू नये.

"डायल काय करते? लाइन तोडते-जोडते. रिसीव्हर ठेवायचं बटण काय करतं? तेच. हात बसला तर बटणावर टकटक करून कुठलाही नंबर लागतो. मुंबईला 022. आधी दहा टिचक्या, जरा थांबायचं, मग दोन, थांबायचं, मग दोन, नि पुढे नंबर. मध्ये एक टिचकी चुकली की पहिल्यापासून. सरांच्या धाकट्याचा हात तबल्यावर होता. त्याला अवघड नव्हतं."

"मग तुम्ही सरांना सांगितलंत?"

"मी रिपोर्टात लिहिलं, उपकरण व लाइन निर्दोष."

"नि घरी येऊन मला सांगितलंन," काकू म्हणाल्या. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. ती मुंबईची मुलगी आता सरांची सून आहे, तबला कोनाड्यात आहे.

त्या काळी फोन घरात येणं हीच केवढी गोष्ट होती. नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जायची. 1991 पर्यंत अख्ख्या देशात पन्नास लाखांच्या आसपास फोन होते. काकांना विचारलं की ते त्याआधीचंही सांगतात, हँडल फिरवून एक्सचेंजला उठवायचं, ट्रंक कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी की अर्जंट की लाइटनिंग. मग 1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली आणि तिने 128 लाइनींचं छोटं एक्सचेंज काढलं. रॅक्स म्हणत त्याला. त्याला एसी लागत नसे, नि काकांच्या दृष्टीने भारताच्या प्रगतीचं सार तेवढ्यात आहे. "बाहेरच्या देशांतल्या मशिनींना थंड खोली हवी. इथे गावात पंखा नाही, तिथे एसी कुठला आणू? हे आपलं मशिन कौलाखाली, पावसाळ्यात, धुळीत चाललं."

"बरं, आता हिची डबी," काकूंनी प्रगती थांबवली.

काका बेड्यातून आमच्या आवारात आले. काकू गडग्यापलीकडेच राहिल्या. तिथून त्यांना माजघराची खिडकी नीट दिसते. कपाट सरकवलं. काकांनी आधी माजघरातला रिसीव्हर काढून बाजूला ठेवायला लावला.

"बाहेरची तांब्याची लाइन अजून जिवंत आहे. नुसती असते तेव्हा तिच्यावर 48 व्होल्ट, काही होत नाही, ओल्या हाताला मुंग्या आल्या तर आल्या. पण घंटी वाजते तेव्हा सत्तर-नव्वद व्होल्टचा उलटसुलट करंट येतो. तो बसला की शिडीवरचा माणूस खाली. रिसीव्हर उचलून ठेवला की लाइन गुंतलेली, घंटी येतच नाही."

"ह्यांनी तोंडात घेतलाय तो!" खिडकीतून आवाज आला. "तार दाताने सोलायची सवय. खांबावर चढून सोलत होते, नि तेवढ्यात त्या माणसाला कुणीतरी फोन केला!"

काका काही बोलले नाहीत. पण तार सोलायला त्यांनी माझ्याकडून कात्री मागून घेतली.

मग डबी उघडली. रोझेट म्हणतात तिला खात्यात, पण आमच्या गावात सगळे डबीच म्हणतात. मधला स्क्रू काढला नि झाकण हातात आलं, तर आत पालीची दोन अंडी, वाळून टणक झालेली, कोपऱ्यात मुंग्यांनी आणून ठेवलेली माती, आणि चार स्क्रू. त्यातल्या दोघांना तारा आवळलेल्या. एका तारेचं तांबं तांबं राहिलंच नव्हतं, हिरवटगार झालं होतं, नि काकांनी नखाने टोचलं तर भुगा पडला.

"ही बघ तुझी पावसाळ्यातली खरखर. दरवर्षी जून लागला की लाइन खराब म्हणून तक्रार करायचीस ना? खांबापासून इथपर्यंत लाइन धडधाकट, आजार घरात. खारी हवा, त्यात ओल. म्हणून तर एक्सचेंजात बॅटरीचं अधिक टोक जमिनीला देतात आणि तारेवर उणे व्होल्ट ठेवतात, म्हणजे ओलीत तांबं कमी खाल्लं जातं. तरी आपल्याकडे एवढं."

खराब टोक कापून टाकलं. बोटाच्या पेराएवढी तार सोलली, स्क्रूभोवती गुंडाळली. त्यातही रीत आहे. स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने तारेचा वेढा द्यायचा, म्हणजे आवळताना तार आत ओढली जाते. उलटा दिला तर ती बाहेर ढकलली जाते आणि महिन्याभरात ढिली पडते. नव्या तारेत चार रंगांच्या वायरी असल्या तरी फोनला लागतात दोनच, मधल्या लाल नि हिरवी. सगळ्या डब्यांत लालला लाल, हिरवीला हिरवी. आजच्या फोनना उलटसुलट झालं तरी चालतं, पूर्वीचे काही बटणांचे फोन मात्र तार उलटी लागली की टोन द्यायचे पण नंबर लावू द्यायचे नाहीत. "अर्ध्या तक्रारी तेवढ्याच असायच्या. जायचं, दोन तारा अदलाबदल करायच्या, चहा घ्यायचा."

बाहेरून तार आत येते ते भोक काकांनी बोट घालून तपासलं. ते सरळ पाडलेलं. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडायला जोर लागत नाही, म्हणून लोक कसंही पाडतात. ते आतून बाहेर उतरतं हवं, आणि बाहेर तारेला भोकाच्या खाली एक झोळ सोडायचा. म्हणजे तारेवरून वाहत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं, आत येत नाही. आमच्याकडे तार वरून सरळ भोकात शिरत होती. कितीतरी पावसाळे त्या तारेने आमच्या डबीला पाणी पाजलं.

"पण आता तांबंच जाणार ना? फायबर आलं की हे सगळं वायाच," मी म्हटलं.

"वाया का? आतली जोडणी तशीच वापरायची." काका खुलले. फायबरचा त्यांना राग असेल अशी माझी समजूत होती, पण तसं नव्हतं. "तो पांढरा डबा लावलाय ना, त्याच्या पाठीमागे फोन असं लिहिलेलं भोक असतं. आता तो डबाच तुझं एक्सचेंज. त्या भोकातून तार काढायची नि घरातल्या कुठल्याही एका डबीत खोचायची. सगळ्या डब्या एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे सगळीकडे टोन. पण!" इथे बोट वर झालं. "पण त्याआधी बाहेरून आलेली जोडी या पहिल्या डबीतून सोडवायची. दोन्ही टोकं वेगवेगळी टेप गुंडाळून बंद. ती तशीच राहिली तर एकीकडून एक्सचेंजचे 48 व्होल्ट, दुसरीकडून तुझ्या डब्याचा करंट. डब्याचा फोनचा भाग जळाला म्हणून समज. वायरमनला हे सांगायचं सुचलं होतं?"

वायरमनला चहा मागायचं सुचलं होतं.

"आणि अडगळीतला काळा फोन लावायचा म्हणत होते हे," मी विचारलं. 'हे' सध्या जुन्या वस्तूंच्या प्रेमात आहेत.

"लाव. घंटी वाजेल, बोलता येईल. नंबर फिरवता येईल याची खात्री नाही. बऱ्याचशा या नव्या डब्यांना डायलचे झटके समजत नाहीत, बटणांचे सूरच समजतात. आणि जुन्या घंटीला करंट फार लागतो. तसले तीन लावलेस तर एकही धड वाजणार नाही."

एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगितली. तांब्याच्या लाइनीला करंट एक्सचेंजकडून यायचा, त्यामुळे गावाचे दिवे चार दिवस गेले तरी फोन चालू असायचा. वादळात झाडं पडली, वीज गेली, तरी काळ्या फोनवरून मुंबईला खुशाली कळवता यायची. काचेच्या तंतूतून उजेड येतो, वीज येत नाही. पांढरा डबा घरच्या लाइटवर चालतो. लाइट गेले की फोन मुका. तेव्हा त्याला इन्व्हर्टरवर घ्यायचं, पंख्याच्या आधी. सासूबाई खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पंख्याचं काय, मला वारा लागतोच."

"आणि विजा कडकडल्या की?" काकूंनी खिडकीतून विचारलं. "पूर्वी ह्या दिवसांत आपण प्लग काढून ठेवायचो."

"काचेवरून वीज यायची नाही. डब्याच्या चार्जरमधून येईल. तो काढायचा."

लाइटच्या पाइपातली चपटी तार ओढून काढली, पिळाची तार दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टीत घालून खोलीत नेली. डबी कुठे, हे मी काही बोलायच्या आत काकांनी सासूबाईंनाच विचारलं. त्या भिंतीकडे बघून बराच वेळ गप्प राहिल्या. आयुष्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता बहुधा. मग उशाकडे न दाखवता त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "तिथे बसव. बोलताना बाहेर बघायला मिळेल." खिडकीशी पावसाची झड येते, म्हणून काकांनी डबी कोनाड्याच्या आत, झडीच्या आड घेतली. चिऱ्यात स्क्रू धरत नाही, त्यासाठी लाकडाची गिट्टी तासून ठोकली. रिसीव्हर उचलला. टोन स्वच्छ, हूं नाही की चूं नाही.

राहिली पडवी. मला वाटत होतं डबी दाराच्या आतल्या अंगाला घ्यावी, पावसापासून लांब. काकांनाही तेच बरोबर वाटत होतं. त्यांनी तिथे पेन्सिलीने खूण केलीसुद्धा.

"तिथे नको," गडग्यावरून निकाल आला. "या बाजूच्या खांबाला घे, इकडच्या."

"काकू, तिकडे ओल येते."

"येऊ दे ओल. ह्यांना सांग वरून पत्र्याचं झाकण करायला. अगो, डोंबिवलीची तुझी नणंद हल्ली रोज संध्याकाळी फोन करत्ये ना? पोरीचं बघतायत म्हणे. तू आतल्या बाजूला उभी राहून हो-हो, नाही-नाही करणार, मी काय समजायचं त्यातनं?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, नि आतली पेन्सिलीची खूण अंगठ्याने पुसून टाकली.